दोन ठोके आधी

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. जपानात, निशी-कसाईतल्या एका सुपरमार्केटच्या दारात, सायकली लावायच्या जागेवर, दोन म्हातारे भांडत होते. आवाज न चढवता. त्या देशात भांडण असं करतात की लांबून बघणाऱ्याला वाटावं, एकजण दुसऱ्याला पत्ता सांगतोय. उत्तरा दाराशी रिकाम्या टोपल्या एकात एक घालत होती, म्हणून तिच्या कानावर पडलं.

उत्तरा डोंबिवलीची. नवरा सौमित्र कॉम्प्युटरवाल्या कंपनीत, म्हणून ती इथं आली. मुलगा ओजस शाळेत जायला लागल्यावर घर खायला उठलं, म्हणून तिनं त्या दुकानात चार तासांचा बाइतो धरला, म्हणजे अर्धवेळ नोकरी. तीन वर्षांत जपानी बऱ्यापैकी समजायला लागलं होतं. भांडणातलं तर जास्तच समजतं, कुठल्याही भाषेत.

त्या दोघांतल्या एकाच्या अंगात हिरवं जाकीट होतं. निवृत्त माणसांना वॉर्डाकडून हलकी कामं मिळतात, त्यांचं ते जाकीट. कुणी बागेतली पानं झाडतं, कुणी शाळेच्या रस्त्यावर झेंडी धरतं. हे आजोबा लोकांनी आडव्यातिडव्या टाकलेल्या सायकली सरळ ओळीत लावायचे. टोपी कानांपर्यंत ओढलेली, तोंडाला मास्क. दुसरा उंच, मफलरवाला, बुटांना पॉलिश. हिरव्या जाकिटाच्या हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र होतं आणि त्यावर तो बोट आपटत होता.

"ती चूक माझी आहे," हिरवं जाकीट म्हणालं. "मला परत दे."

"पन्नास वर्षं झाली. आता ती घेऊन काय करणार आहेस?" मफलरवाला म्हणाला. "लोणचं घालणार?"

"काय वाटेल ते करीन. तू पेपरात सांगितलंस की ते तुला सुचलं. तुला काही सुचलं नव्हतं. तू तर डोकं धरून खाली बसला होतास."

"मी पुढारी होतो. बँडमध्ये जे झालं ते पुढाऱ्यानंच केलं, असंच म्हणायचं असतं."

उत्तराला वाटलं, आपली जपानी अजून कच्चीच दिसते. माणसं चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालायला भांडतात. आपली चूक परत मिळावी म्हणून भांडणारा माणूस तिनं डोंबिवलीत बघितला नव्हता आणि इथंही नाही.

तेवढ्यात पावसाचे चार थेंब पडले आणि दुकानातलं गाणं बदललं. ही त्या दुकानाची रीत. आत काम करणाऱ्यांना बाहेरचं आभाळ दिसत नाही, म्हणून पाऊस आला की एक ठरावीक गाणं लावायचं. ते ऐकलं की एकीनं ओल्या छत्र्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांचा स्टँड दारात आणायचा, एकीनं फडका घ्यायचा, काउंटरवालीनं कागदी पिशवीवर प्लॅस्टिक चढवायचं. गाणं म्हणजे नुसता बाजा, बोल नाहीत. विजेवरच्या गिटारी घोडे सोडल्यासारख्या धावतात, मागे ड्रम, आणि मध्येच सगळं थांबतं. एकदम गप्प. दुकानातलं गिऱ्हाईकसुद्धा क्षणभर हातातला मुळा तसाच धरून उभं राहतं. मग दोन जाड सूर, दारावर कुणी थाप मारल्यासारखे, धुम् धुम्, आणि पुन्हा सगळे घोडे सुटतात. त्या दोन सुरांवर काउंटरवरच्या बाया न चुकता बोटांनी दोन टिचक्या मारायच्या. उत्तराही मारायला शिकली होती. गाणं कुणाचं, कधीचं, तिला ठाऊक नव्हतं.

बाहेर भांडणारे दोघं गाणं सुरू होताच गप्प झाले. थांबण्याची जागा आली तेव्हा दोघांनीही माना खाली घातल्या. धुम् धुम् झालं. मफलरवाला निघाला. छत्री त्याच्याकडे नव्हती. हिरव्या जाकिटानं भिंतीला टेकवलेली आपली छत्री उचलली, त्याच्या हातात कोंबली, तोंडाकडे न बघता. त्यानंही आभार न मानता घेतली. तो स्टेशनच्या दिशेनं वळला आणि त्याच्या पाठीकडे बघत हिरवं जाकीट चक्क मराठीत म्हणालं, "आईच्यान, खोटारडा आहे हा."

उत्तराच्या हातातल्या टोपल्या पडल्या. आईच्यान. हा शब्द तिनं शाळेच्या मैदानावर शेवटचा ऐकला असेल. तिनं विचारलं, "काका, तुम्ही मराठी?"

त्यांनी मास्क खाली केला. सावळा, सुरकुतलेला, टोकदार नाकाचा चेहरा. "का, दिसत नाही?" म्हणाले, आणि मग स्वतःच म्हणाले, "नसेल दिसत. मलाही कधीकधी नाही दिसत."

हे लक्ष्मण केळुसकर. जपानी माणसाच्या जिभेला एवढं लांब नाव झेपत नाही, म्हणून साठ वर्षं त्यांना सगळे राकु म्हणत आले.

त्यांचे वडील मुंबईतल्या एका व्यापारी कंपनीत कारकून. कंपनीनं त्यांना योकोहामाच्या हापिसात पाठवलं, तेव्हा लक्ष्मण बारा वर्षांचा होता. गिरगावातली गोट्यांची पिशवी आतेभावाला देऊन तो बोटीवर चढला आणि त्याची मराठी तिथंच बारा वर्षांची राहिली. आईवडील होते तोवर घरात बोलली गेली, पण मैदानावरची, भांडणातली, टिंगलीतली मराठी पुढे वाढलीच नाही. म्हणून हा सत्तरी ओलांडलेला माणूस बोलायला लागला की आजोबांच्या तोंडून शाळकरी पोरगा बोलतोय असं वाटे. स्टोव्हला इस्टो, ऑफिसला हापिस, आणि राग आला की आईच्यान. बायको मिनेको गेल्यावर ते योकोहामा सोडून शेजारच्या हिगाशी-कसाईला राहायला आले, कारण इथं आपल्या भाषेची माणसं रस्त्यात भेटतात असं त्यांनी ऐकलं होतं. आले खरे, पण तीन वर्षं कुणाशी बोलले नाहीत. मसाल्याच्या दुकानात उगाच पाऊण तास उभं राहून लोकांचं बोलणं ऐकायचे आणि जिऱ्याची पुडी घेऊन परत यायचे. बोललो तर हसतील, अशी लाज.

उत्तरा हसली नाही. तिनं दुसऱ्या दिवशी डब्यातून शिरा आणला. काकांनी तो बाकावर बसून खाल्ला, डबा धुऊन परत दिला, आणि त्या दिवसापासून तिच्या सुट्टीच्या दहा मिनिटांत तिथं बसून थोडंथोडं करून आपला सगळा इतिहास सांगून टाकला.

पावसाचं ते गाणं त्यांचंच होतं. म्हणजे त्यांच्या बँडचं. योकोहामाच्या बंदरावरची पाच पोरं; नाव 'नॉर्थ पिअर फाइव्ह'. त्या काळी तिकडे गिटारीचं वेड आलं होतं, बोल नसलेल्या गाण्यांचं. घरोघरी पोरं गिटार मागत होती आणि आया नको म्हणत होत्या. मफलरवाला कुरोइवा हा पुढारी, तो मुख्य गिटार वाजवायचा. लक्ष्मण बेस गिटार वाजवायचा, चार जाड तारांची. बेस म्हणजे कढीतला हिंग. दिसत नाही, कुणी वाखाणत नाही, आणि नसला की सगळ्यांचं तोंड वाकडं होतं. मिनेको त्यांच्या कार्यक्रमाला तीनदा येऊन गेली होती आणि तिला बँडमध्ये चारच जण आठवत होते. हे त्यांनी सांगितलं तेव्हा उत्तराला हसू आवरेना. काका म्हणाले, हस, मीही चाळीस वर्षं हसलो तिला.

या पाच जणांचं एकच गाणं गाजलं, 'पिअर नंबर सात', म्हणजे बोटींचा सात नंबरचा धक्का. पण गाजलं म्हणजे असं गाजलं की न्हाव्याकडे तेच, अंघोळीच्या हमामखान्यात तेच, शाळेच्या धावण्याच्या शर्यतीला तेच. वाइनच्या रंगाचे कोट घालून पाचही जण देशभर फिरले. पुढे दोन तबकड्या काढल्या, त्या कुणी घेतल्या नाहीत. मग केस वाढवलेली, गाणारी पोरं आली आणि लोकांना बोल हवेसे झाले. चार वर्षांत खेळ संपला. लक्ष्मण बंदरातल्या गोदामात लागला, हिंदुस्थानात जाणाऱ्या खोक्यांवर पत्ते लिहायला, आणि तिथूनच निवृत्त झाला. बाकीचे तिघं एकेक करून गेले. राहिले कुरोइवा आणि हे.

आणि त्या दोघांत राहिले ते दोन ठोके.

झालं होतं असं. गाण्याच्या मध्ये सगळ्यांनी बारा मात्रा गप्प राहायचं आणि तेराव्याला एकदम सुटायचं, असं ठरलं होतं. तालमीत कुरोइवा मान हलवायचा, ती बघून सगळे सुटायचे. पण रेकॉर्डिंगच्या दिवशी प्रत्येकाला लाकडी आडोशामागे उभं केलं. मान दिसेना. लाल दिवा लागला. लक्ष्मण एकोणीस वर्षांचा. त्यानं ठरवलं, बोटांवर मोजू. चार बोटं, एका बोटाला तीन पेरं, तीन चोक बारा. हिशेब चोख होता.

पण बोटांना दुसरीच सवय होती. योकोहामाला आल्यावर पहिल्या वर्षी हा मुलगा शाळेत जायला घाबरायचा. गोऱ्या पोरांची शाळा, भाषा कळायची नाही. आईनं त्याला सांगितलं होतं, भीती वाटली की माझ्यासारखा बोटांवर जप कर, खिशात हात घालून, कुणाला दिसत नाही. आता हिशेब करताना आपण सगळी पेरं मोजतो, पण जप करताना मधल्या बोटाची खालची दोन सोडतो. तो मेरू, तो ओलांडायचा नाही. म्हणजे जपाची पेरं भरतात दहा. त्या लाल दिव्याखाली लक्ष्मण घाबरला आणि अंगठा आपणहून आईच्या वाटेनं गेला. दहाव्या पेरावर फेरी संपली, संपली म्हणून त्यानं तार छेडली. धुम्. सगळीकडे शुकशुकाट. घाबरून आणखी एकदा, धुम्. तेवढ्यात बाकीच्यांचे बारा पुरे झाले आणि ते सुटले.

गाणं संपल्यावर कुरोइवा डोकं धरून खाली बसला. स्टुडिओची वेळ संपत आली होती. पण काचेमागचा रेकॉर्ड कंपनीचा माणूस म्हणाला, हेच राहू दे, काळजात धडधड झाल्यासारखं वाटतं. आणि लोकांनी ती तबकडी घेतली ती त्या दोन सुरांसाठीच. महिन्याभरात एका मासिकानं कुरोइवाला विचारलं की ही कल्पना कशी सुचली. तो म्हणाला, बोट धक्का सोडते तेव्हा खलाशाच्या छातीत जे होतं, ते मला दाखवायचं होतं. छापून आलं. पुढच्या मासिकात आणखी रंगवून. लक्ष्मण गप्प राहिला. परदेशी, पोरसवदा, आणि त्यात खरोखरच चुकलेला. पण वर्षांमागून वर्षं कुरोइवा तेच सांगत गेला आणि शेवटी त्याचं त्यालाच खरं वाटायला लागलं.

उत्तरानं विचारलं, इतकं गाजलंय तर चूक म्हणून कशाला मागताय, 'माझी कल्पना' म्हणून मागा. काका सायकलची घंटी कुठे वाजली बघायला उठले.

त्याचं उत्तर तिला मिळालं दोन वर्षांनी, आणि तेही तिनं स्वतः घोळ घालून ठेवल्यावर. झालं काय, तिच्या पोटात हे राहिना. तिनं इथल्या मराठी मंडळाच्या वृंदाताईंना सांगितलं. वृंदाताई म्हणजे धडाडीची बाई. मंडळाचे कार्यक्रम त्या एकहाती ओढतात आणि कुणालाही नाही म्हणायची सवड देत नाहीत. त्यांनी ठरवलं, काकांचा सत्कार. वॉर्डाचा हॉल घेतला. शाल आली, नारळ आला, दीडशे माणसं आली. मानपत्र उल्हास नावाच्या एका बँकवाल्यानं लिहिलं होतं, त्याला लिहायची हौस. त्यात होतं की जपानी संगीताला मोहून टाकणारे ते दोन ठोके म्हणजे मराठी मातीतल्या लेझमीची ललकारी होय, केळुसकरांनी जाणीवपूर्वक पेरलेली.

काका माईकपाशी गेले. शाल खांद्यावरून घसरत होती. आपल्या बारा वर्षांच्या मराठीत म्हणाले, "लेझीम बिझीम काही नव्हतं हो. मला भ्या वाटलं आणि मोजताना चुकलो. आईच्यान."

दीडशे माणसांनी टाळ्यांचा कडकडाट केला. किती नम्र, किती नम्र, असं पहिल्या रांगेत कुणी म्हणालं. वृंदाताईंनी डोळे पुसले.

परत येताना काका रस्त्यात थांबून हसायला लागले. म्हणाले, "तिकडे तो माझी चूक देत नाही, आणि इकडे तुम्ही घेत नाही." हसता हसता बाजूच्या कठड्यावर बसले आणि मग बोलले. वडिलांचं काम संपलं तेव्हा आईवडील मुंबईला परत गेले. हा बँडसाठी मागे राहिला, दोन वर्षांत येतो म्हणाला. दुसऱ्या वर्षी आई गेली. तार आली तेव्हा पाचही जण डोंगरातल्या कुठल्या हॉटेलात ते गाणं वाजवत होते. तार हातात पडली चौथ्या दिवशी. आईचा एक फोटो होता, तोही बोटीच्या धक्क्यावर काढलेला, डोळे मिटलेले. तिचा आवाज कशात भरून ठेवलेला नव्हता.

"पण त्या दोन ठोक्यांत तिची बोटं आहेत," काका म्हणाले. "मी वाजवलंच नाही ते. तिनं मोजलं तसं झालं. कुरोइवाला सुचलं असेल तर मग ती त्यात नाही. मला सुचलं असलं तरी नाही. चुकलं असलं तरच आहे."

उत्तरानं शाल नीट घडी करून पिशवीत ठेवली. त्यानंतर मात्र तिनं त्यांना पुन्हा कधी विचारलं नाही की एवढं काय अडलंय.

कुरोइवा कबूल करील, ही आशा काकांनी सोडली नव्हती. दोनतीन महिन्यांनी दोघं भेटायचे, चहा प्यायचे, भांडायचे. मग भेटी कमी झाल्या. एकदा कुरोइवा ठरलेल्या दिवशी आलाच नाही, आणि पोलिसांना तो भलत्याच स्टेशनवर सापडला, बाकावर बसलेला, कुठे निघालो ते न आठवणारा. लग्न केलेलं नव्हतं. होक्काइदोला एक पुतणी, ती आली, सगळं आवरलं आणि त्याला इचिकावातल्या वृद्धांच्या घरात ठेवून गेली. तिथले लोक चांगले, जेवणखाण वेळेवर. फक्त कपडे सगळ्यांचे एकत्र धुतात, आणि कुरोइवाला जन्मभर इस्त्रीच्या घडीचे कपडे लागायचे. तो चिडायचा, अंगातलं काढून फेकायचा. मग काकांनी ते धुणं आपल्याकडे घेतलं. दर बुधवारी धुतलेले घेऊन जायचे, मळलेले घेऊन यायचे. तोझाई लाइननं पाच स्टेशनं, पुढे पायी दहा मिनिटं. चार वर्षं.

उत्तराला ते फार लागायचं. जो माणूस साठ वर्षं खोटं बोलला, त्याचे पायजमे हे धुणार. एकदा बोललीच ती. काका म्हणाले, "भांडण वेगळं आणि धुणं वेगळं." आणि पुढे म्हणाले की खरं भांडणच आता उरलं नाही. कुरोइवा त्यांना ओळखत नव्हता. धोब्याकडचा माणूस समजायचा. नीट वागा म्हणायचा, कॉलर मऊ करू नका म्हणायचा. आणि धोब्याकडे कोण कशाला काही कबूल करील? तो खोटं बोलायचंसुद्धा विसरला होता आणि खरंही. काकांना वाटायचं, आता हे आपल्याबरोबरच जाणार. आईची बोटं कुठं होती ते सांगणारा दुसरा कुणी नाही.

मागच्या शरदात काकांचा गुडघा सुजला. तेव्हा एका बुधवारी उत्तरा पिशवी धरायला बरोबर गेली. त्या दिवशी तिथं गाण्याचा तास होता. मोठ्या खोलीत वीसेक म्हातारी माणसं गोल बसलेली, कुणाच्या हातात खुळखुळा, कुणाच्या हातात लहान डफ. सांभाळणाऱ्या मुलीला कुणीतरी सांगितलं होतं की हे कुरोइवा-सान एके काळी प्रसिद्ध होते. तिनं फोनमध्ये ते गाणं शोधून काढलं आणि लावलं.

घोडे धावायला लागले. म्हाताऱ्यांचे चेहरे बघण्यासारखे झाले. यांच्या तरुणपणीचंच गाणं ते. कुरोइवा खुर्चीत ताठ बसले होते, मांडीवर हात, कुणाकडेच न बघता. पण गाणं थांबायच्या जागेवर आलं तसा त्यांचा हात वर गेला, तळवा पुढे करून. सगळी खोली थांबली. खुळखुळेसुद्धा. त्यांचे ओठ हलत होते, मोजत होते. धुम् धुम् झालं. हात खाली पडला, घोडे सुटले, आणि कुरोइवांनी मान वळवली ती थेट दारापाशी उभ्या असलेल्या काकांकडे.

"राकु," ते म्हणाले, "पुन्हा दोन आधी आलास."

काका साठ वर्षं ज्यासाठी भांडले ते समोर येऊन उभं होतं, आणि आता काय म्हणायचं हे त्या माणसानं कधी ठरवलंच नव्हतं. ते दुखऱ्या गुडघ्यावर तसेच पुढे गेले आणि खुर्चीसमोर कमरेतून वाकले, नव्या पोरानं वाकावं तसे.

"चुकलं," ते म्हणाले. "माफ कर."

"बारा म्हणजे बारा. किती वेळा सांगायचं?" कुरोइवांना खरा राग आला होता. "तू तुझ्या त्या बोटांवर मोजू नकोस. माझ्या मानेकडे बघ."

"आडोसा होता मध्ये. मान दिसत नव्हती."

कुरोइवांनी यावर जरा विचार केला. "आडोसा होता खरा," ते म्हणाले. मग आवाज खाली आणून, "असू दे. काचेमागच्याला काही बोलू नकोस. मी बघतो त्याच्याकडे."

गाणं संपलं. सांभाळणाऱ्या मुलीनं टाळ्या वाजवल्या, आणखी कुणीतरी वाजवल्या. कुरोइवांनी काकांकडे पुन्हा बघितलं आणि नम्रपणे विचारलं की धुणं आज लवकर आणलं का.

परतीच्या गाडीतून काका निशी-कसाईला उतरले, सरकत्या जिन्यानं खाली आले, फाटकातून कार्ड टेकवून बाहेर पडले आणि मग उत्तराची बाही धरली.

"ऐकलंस ना तू?"

"ऐकलं, काका."

"दोन म्हणाला ना? आणि बोटांवर म्हणाला?"

"दोन म्हणाले. बोटांवर म्हणाले."

"त्याला ठाऊक होतं म्हणजे. आईच्यान, तेव्हापासून ठाऊक होतं," काका म्हणाले, आणि त्यांनी मान डोलावली. रागानं नव्हे. आपल्याखेरीज कुणी ओळखत नसलेल्या घरच्या माणसाला दुसऱ्या कुणी रस्त्यात नावानं हाक मारलेली ऐकावी, तसा चेहरा झाला होता. त्यांनी तिला घरापर्यंत येऊ दिलं नाही. म्हणाले, तुझा ओजस शाळेतून आला असेल, तू जा.

पुढे कुणाला काही सांगितलं नाही त्यांनी. उत्तरानं एकदा सुचवून बघितलं की त्या पेपरवाल्याला कळवू, मी साक्ष देते. काका म्हणाले, आता कशाला. कुरोइवाचं नाव कशाला खाली आणायचं, म्हातारा झालाय तो. जसे काही हे स्वतः एकवीस वर्षांचे होते.

फेब्रुवारीत एका शुक्रवारी सकाळी हिरवं जाकीट सायकलींपाशी दिसलं नाही. शेजारच्या बाईनं दार वाजवून बघितलं, मग किल्लीवाल्याला बोलावलं. झोपेतच गेले होते, दोन रजया अंगावर नीट घेऊन. सगळं उत्तरानं आणि सौमित्रनं केलं. वृंदाताई आल्या, मंडळाची माणसं आली. इचिकावाला कळवायचं का, यावर जरा चर्चा झाली. मग उत्तरा स्वतःच पुढच्या बुधवारी तिथं गेली. तिथल्या मुलीनं तिला सांगितलं की मागच्या बुधवारी राकु-सान आले होते, नेहमीसारखेच.

नेहमीसारखे म्हणजे तीनच्या सुमाराला. बाहेरच्या दारात चपला बदलल्या, हाताला औषध चोळलं, वहीत नाव लिहिलं. गुडघा बरा होता का, तर बरा होता म्हणे. खोलीत जाऊन त्यांनी कपाट उघडलं आणि पिशवीतले कपडे एकेक करून ठेवले: पायजमे दोन, सदरे तीन, लोकरीचा एक स्वेटर, मोज्यांच्या जोड्या. प्रत्येकाच्या आत कुरोइवांचं नाव शिवलेलं, ते सुटत आलं असेल तिथं सुईदोरा घालून पक्कं केलं. कुरोइवा पलंगावर बसून बघत होते. ते म्हणाले की मागच्या खेपेला निळ्या सदऱ्याची कॉलर मऊ पडली होती. राकु-सान म्हणाले, हो, पाणी जास्त झालं, या खेपेला कडक केली आहे, बघा. कुरोइवांनी बोटांनी दाबून बघितली आणि ठीक आहे म्हणाले.

मग त्यांनी मळलेले कपडे गोळा केले, पिशवीचं तोंड बांधलं, बाहेर थंडी आहे म्हणून खिडकी लावून घेतली, आणि पुढच्या बुधवारी येतो असं सांगून निघाले.